लहूची राखण

चूल पेटलेली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

श्रावणातला रविवार होता. गिरणीला सुट्टी. काशीबाईच्या खानावळीत जेवणारी माणसं नळावर हातपाय धुऊन, पंचे खांद्यावर टाकून आत आली आणि ओळीनं भिंतीला पाठ लावून बसली. चौदा-पंधराजण असतील. सगळे कुडाळकडच्या एकाच गावचे. कुणी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, कुणी कापूसखात्यात, कुणी रोज दारावर उभा राहून बदलीचं काम मिळवणारा. बायकापोरं गावी राहिलेली, आणि इथं लालबागच्या चाळीत पोटाला काशीबाईच्या हातचं.

काशीबाई चुलीपुढं पाठमोरी बसली होती. लाकूड बाहेर ओढत होती, परत आत सारत होती. पानं मांडलेली नव्हती. तांदूळ धुऊन रोवळीत निथळत ठेवलेले होते आणि ते निथळून कोरडे व्हायला आले होते.

"वयनी, तोप खंय?" जयवंतनं विचारलं. हा साच्यावरचा तरणा गडी. भूक लागली की त्याला धीर नसे.

"गेलो."

"कल्हईक?"

"कल्हईक नाय," ती म्हणाली आणि तोंड वळवलं नाही.

 तांब्याचा तो तोप गावाहून गलबतातून आणलेला होता. भरला की दोन कड्यांना दोघांनी धरून चुलीवर चढवावा लागे. एका तोपात सगळ्यांचा भात व्हायचा. काशीबाई सकाळी पाण्याला गेली होती, तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, लहूनं, तो डोक्यावर घेतला आणि नेऊन मोडीत विकला. घर सांभाळायला ठेवलेला माणूसच घर घेऊन चालला होता, आणि वाटेत भेटलेल्या शेजारणीला त्यानं कल्हईला नेतोय असं हसून सांगितलंही होतं.

लहू बाहेर पायरीवर बसला होता. आत यायची त्याची छाती होत नव्हती आणि दूर जायचंही धाडस नव्हतं. पावसाचं एक बारीक सरवट येऊन गेलं होतं, ऊन परत पडलं होतं, आणि इतकं सगळं होऊनसुद्धा त्याची मान वरच होती.

लहू पावसावर पैसे लावत असे; तोपाचेही तिथंच गेले होते. लालबागच्या नाक्यावर रमाकांत नावाच्या माणसाचं पानतंबाखूचं दुकान होतं. दुकानाच्या कौलांना पुढच्या बाजूनं पत्र्याची पन्हळ होती. दुपारपर्यंत ती पन्हळ धार धरून वाहिली तर एकाचे पैसे बुडायचे, नाही वाहिली तर दुसऱ्याचे. दुपारनंतर दिवेलागणीपर्यंत पुन्हा तेच. सरकारनं हा सट्टा कायद्यानं बंद केला त्याला काही वर्षं झाली होती. हवालदार आला की रमाकांत त्याला पान देई, आणि पन्हळ तर काय, कुणाच्याही घराला असते. आषाढात या खेळात गंमत नसे, कारण आषाढात पडतोच. श्रावण वाईट. श्रावणात एका डोळ्यात ऊन आणि एका डोळ्यात पाणी, आणि लहूला वाटे की हे आभाळ आपल्याला कळतं. ते त्याला खरोखरच थोडंफार कळायचं. तेच वाईट होतं.

कुशाबा उठला. गावच्या माणसांत तो सगळ्यांत जुना. गिरणीत कांजीखात्यात होता, सुताला खळ लावायच्या कामावर. हातांची कातडी वाफेनं पांढरी पडून भेगाळलेली. त्यानं बाहेर जाऊन लहूचा दंड धरला, आत आणला आणि सगळ्यांच्या मधे बसवला. लहू बसला. पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत राहिला.

जयवंत म्हणाला की आता पुरे झालं. गेल्या वर्षी काशीबाईच्या पाटल्या गेल्या, तेव्हा ह्यानं देवाची शपथ घेतली. होळीला घोंगड्या गेल्या, तेव्हा परत घेतली. आता सगळ्या गावच्या तोंडचा घास नेला. गावकीनं ह्याला वाळीत टाकावं. कुणी बोलायचं नाही, कुणी विस्तव द्यायचा नाही. दोघातिघांनी माना हलवल्या. उपाशी माणसांना तो न्याय बरा वाटला.

काशीबाई तेव्हा पहिल्यांदा वळली. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. रडली असेल तर ते कळायला मार्ग नव्हता.

"टाका वाळीत," ती म्हणाली. "पन मग उद्यापासना जेवतलास खंय? तेंच्या घरच्या चुलीवरचा तुमका चलात?"

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नवरा वाळीत म्हणजे त्याची चूलही वाळीत. चौदा-पंधरा माणसं एकमेकांकडे बघू लागली. आसपास दुसऱ्या खानावळी होत्या, पण घाटावरच्या. तिथं भाकरी मिळे, भात मिळत नसे, आणि आपल्याकडचं कुणी नसे.

लहू हळूच म्हणाला की मी परत शपथ घेतो, या वेळी गावच्या देवीची.

"शपथ नको," कुशाबा म्हणाला. "शपथ मोडली की माणूस घरातसून उठता, आनी देवासमोरसूनय उठता. मगे तेका जावक एकच जागा रवता. ती नाक्यार आसा."

मग बराच वेळ बोलणं झालं. बोलताना सगळ्यांची पोटं वाजत होती, म्हणून ते फार लांबलं नाही. ठरलं ते असं: लहूचा गिरणीतला पगार जॉबरला, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाला सांगून कुशाबाच्या हातात पडेल आणि तिथून काशीबाईच्या. गावच्या कुणी माणसानं लहूच्या हातावर काही ठेवायचं नाही, विडीसुद्धा पेटवूनच द्यायची. आणि गिरणीत जाता-येता, सुट्टीच्या दिवशी नळावर, बाजारात, कुठंही लहूनं एकट्यानं फिरायचं नाही. आळीपाळीनं एकेकानं बरोबर राहायचं.

"माझ्याबरोबर? ढोरासारखा?" लहूनं विचारलं.

"ढोराक दावा बांधतत," कुशाबा म्हणाला. "तुका आमी मानूस बांधतव."

त्या दिवशी सगळ्यांनी चणे-कुरमुरे खाल्ले. भात शेजारच्या शेवंतीच्या लहान तोपात तीनदा शिजवून सांजवेळेपर्यंत झाला. पहिली पंगत उठली तेव्हा तिसऱ्या पंगतीचा तांदूळ अजून धुतला जात होता.

दुसऱ्या दिवशी कुशाबा जॉबरला भेटला. लहू चांगला साचेवाला होता, दोन साचे एकटा चालवायचा. पण विणकामाच्या साळखात्याच्या छपराला उत्तरेच्या बाजूनं काचा होत्या, सूत नीट दिसावं म्हणून. त्या काचांतून आभाळही दिसे. ढग आला की लहूची मान वर जायची, खाली धागे तुटत राहायचे, आणि कापडाला लांबच लांब फट पडायची. जॉबर त्याच्या नावानं दर महिन्याला बोंब मारत होताच. कुशाबानं सांगितलं, त्याला माझ्या हाताखाली दे. जॉबरनं बघितलं, साचेवाला माणूस आपण होऊन कांजी ढवळायला येतोय. तो हसला आणि हो म्हणाला.

कांजीखातं अंधारं होतं. आभाळ कुठूनच दिसत नसे. पिंपांत खळ रटरटत असे, वाफेनं माणसाला माणूस ओळखू येत नसे, आणि दिवसभर उभं राहून लाकडी फावड्यानं ढवळत राहायचं. पहिल्या दिवशी लहूला दोनदा ओकारी झाली. त्याचे जुने साचेवाले सोबती सुताचे रूळ न्यायला येत, तेव्हा तो पिंपाच्या मागं सरके. कुणीतरी त्याला 'कांजीवाला' म्हणून हाक मारली, आणि तेच नाव पडलं. संध्याकाळी हातांवर खळीचा पापुद्रा घेऊन तो घरी येई आणि जेवताना तो नखानं सोलत बसे.

आभाळ दिसेना, तरी कान होते. छपरावर टपटप झाली की त्याचं फावडं थांबे. थेंब मोठे आहेत की बारीक, वाऱ्यानं येतायत की सरळ, हे तो श्वास रोखून ऐकत राही. कुशाबा त्याच्या पाठीत कोपर मारी. दिवसातून किती वेळा मारी, त्याचा हिशेब त्यानंच सोडून दिला होता. रात्री लहू कुशीवर कुशी बदले. जेवण उतरत नसे. उगाच भांडण काढी. भातात खडा लागला, चटणीला मीठ नाही, असं काहीही. काशीबाईला वाटे, हा सट्टा खेळायचा तेव्हा निदान हसायचा तरी.

आणि राखण करायला माणसं ठेवली, त्यानं तिचं काम कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. भात तीन वेळा. प्रत्येक पंगतीत खरवड कुणाला यावरून कुरबूर. तोप परत द्यायला गेली की शेवंती भांड्याबरोबर एक सल्ला देई. नवस बोल. ताईत बांध. पाच सोमवार कर. तुझंच चुकतं, तू लगाम सैल ठेवलास. सल्ल्यांनी तोप भरला असता तर भात सुद्धा शिजवावा लागला नसता. आठपंधरा दिवसांतच माणसं कंटाळली. ज्याची पाळी असे तो म्हणे, माझा पाय दुखतोय. दुसरा म्हणे, माझा पाहुणा आलाय. मग येऊन काशीबाईला सांगत, वयनी, आज जरा तुम्हीच बघा. जणू काही तिला दुसरं बघायला काही नव्हतं. ती चुलीशी बसे आणि एक डोळा दारावर ठेवी. दूध उतू जाई.

कुशाबा एका रविवारी रमाकांतकडे जाऊन आला. रमाकांत शिकलेला माणूस, बोलायला गोड. कुशाबानं त्याला विनवलं की आमच्या एवढ्या एका माणसाचं घेऊ नका. रमाकांतनं त्याला बसायला फळी पुसून दिली.

"मी कुणाला घरी बोलवायला जात नाही," तो म्हणाला. "ज्याला यायचं तो येतो. तुम्ही आलात, तुम्हालाही बसा म्हटलं."

कुशाबा परत आला. त्यानं फक्त एवढंच केलं, दुसऱ्या दिवसापासून लहूला नाक्यावरून न्यायचं बंद केलं. सगळ्यांनी काळाचौकीवरून वळसा घालून गिरणीत जायचं. वाट लांब, चिखलाची. गिरणीचा भोंगा झाला की धावायला लागे. त्यावरूनही माणसं लहूलाच शिव्या देत.

या सगळ्यात जयवंत मात्र कुरकुर करीनासा झाला. उलट दुसऱ्यांची पाळी तो आपल्यावर घेऊ लागला. तुम्ही पडा निवांत, मी नेतो ह्याला, असं म्हणे. काशीबाईला बरं वाटलं. वाळीत टाका म्हणणाराच आता सगळ्यांत मायेनं वागतो, असं तिनं शेवंतीला बोलूनही दाखवलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सगळे उपास सोडायला बसले होते. जयवंत आला तो पानात बांधलेले पेढे घेऊन. काशीबाईनं विचारलं, कशाचे रे? तो म्हणाला, मला नवीन साचा मिळाला. सगळ्यांनी एकेक उचलला. कुशाबानं हातातला पेढा खाली ठेवला आणि विचारलं की साचा कधी मिळाला, मी सकाळी जॉबरजवळ उभा होतो. जयवंत हसला, काहीतरी पुटपुटला.

काशीबाईचं लक्ष जयवंतकडे नव्हतं. ती लहूकडे बघत होती. लहूनं पेढा घेतला नव्हता. पण त्याचं तोंड उजळलेलं होतं. गेल्या कित्येक दिवसांत त्यानं मान अशी ताठ धरली नव्हती. भात वाढला तेव्हा त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

तिला कळलं. तिनं पेढ्यांचं पान उचलून लहूच्या ताटात ठेवलं.

"खावा की," ती म्हणाली. "तुमच्याच आभाळातले आसत."

लहूनं हात मागं घेतला. "मी काय एक लावूक नाय," तो म्हणाला. "ह्येनी विचारल्यान, मी सांगितलंय. माझ्या हाताक एक पैसो लागाक नाय."

ते खरं होतं. जयवंत काळाचौकीच्या वळणावर थांबून त्याला विचारायचा, आज दुपारपर्यंत काय वाटतं? लहू वर बघायचा, वारा हुंगायचा आणि सांगायचा. मग जयवंत त्याला गिरणीच्या दारात पोचवून धावत नाक्यावर जायचा. तीन-चार वेळा लागलं होतं. जयवंतनं आता मान खाली घातली होती आणि कान लाल झाले होते. कुशाबानं बाकीच्यांना विचारलं, आणखी कुणी?  मग कापूसखात्यातला एकजण म्हणाला की मी विचारलं होतं, पण नुसतं गमतीनं. दुसरा म्हणाला, मी लावलं नाही, फक्त बघत होतो खरं ठरतं का. असे एकेक करत निम्मेअधिक निघाले.

काशीबाईच्या हातात पळी होती. ती तिनं खाली ठेवली.

"तुमी तेंका राखूक जातास," ती म्हणाली, "की तेंच्याकडना आभाळ वाचून घेवक?"

 तिला नवऱ्याचा राग नव्हता तेवढा त्याच्या तोंडावरच्या त्या उजेडाचा आला होता. इतके दिवस ती या माणसाच्या तोंडावर हसू यावं म्हणून मरत होती, आणि ते आणलं कुणी, तर जयवंतनं. त्याच वाटेनं.

दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. माणसं पहाटे उठली, थंड चुलीकडे बघितलं आणि उपाशीच कामावर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हाही चूल थंड होती. ती दाराशी बसून चिंध्या शिवत होती. शेवंती येऊन सल्ला द्यायला लागली, तिच्याकडेही तिनं बघितलं नाही. शेवटी जयवंत आला. टोपी काढून तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला की वयनी, मलाही आता राहवत नाही. आज दुपारच्या सुट्टीत माझेच पाय तिकडे वळले होते. हे बोलताना तो जवळजवळ रडत होता. काशीबाईला त्याची कीव आली आणि तेवढाच रागही आला. एक सांभाळता सांभाळता दुसरा पडला होता.

म्हणजे आता दोघांना राखायचं. कुशाबानं कपाळाला हात लावला. ठरलं की यापुढं बरोबर दोघांनी जायचं, म्हणजे एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवता येईल. आणि खोलीत, वाटेत, जेवताना पावसाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

पुढचे कित्येक दिवस त्या खोलीत वेड लागायची पाळी आली. बाहेर धो धो कोसळत असे आणि आत माणसं भाताकडे बघत गप्प जेवत. एखादा चिंब भिजून आला तरी भिजलास काय म्हणून कुणी विचारेना. तो आपला पंच्यानं डोकं पुसत मुकाट बसे. गावी लावणीची शेतं कशी असतील, नदीला पाणी किती असेल, हे बोलायचीही पंचाईत. कोकणातली माणसं, पावसाशिवाय बोलणार तरी कशावर? एकमेकांच्या खोकल्यावर बोलत. एकदा कुशाबाच म्हणून गेला, "आज जरा काळोख केल्यान," आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढं घास घेतला नाही.

असं करत श्रावण गेला. गणपती आले, गेले. पितृपंधरवड्यात आभाळ मोकळं झालं. ऊन तापू लागलं, वाटा सुकल्या, रमाकांतच्या दुकानासमोरची गर्दी पांगली. माणसं म्हणू लागली की लहू सुधारला. काळाचौकीचा वळसा बंद झाला. पाळ्याही आपोआप सुटल्या. जॉबरनं कुशाबाला विचारलं, त्याला परत साच्यावर घेऊ का? कुशाबा म्हणाला की थांब जरा. बाकीचे म्हणाले, म्हाताऱ्याला कशाचीच खात्री नाही.

काशीबाईलाही नव्हती. कोरड्या आभाळाखाली कुणीही सुधारतो. पण ते बोलून दाखवायचं तिच्यात त्राण उरलं नव्हतं. सगळे खूश होते, तर असोत.

हस्त नक्षत्र लागलं त्या रविवारी माणसं परळला कुस्त्या बघायला गेली. लहूला चला म्हणाले होते, पण तो नको म्हणाला. अंग मोडून आलंय म्हणून तो खोलीतच कांबळीवर पडला. काशीबाईनं जातं ओढलं आणि आठवड्याची नाचणी दळायला घेतली.

दुपार कलंडायला लागली तेव्हा शिवडीच्या बाजूनं ढग उठला. पावसाळ्यातला ढग समुद्राकडून येतो. हस्ताचा उलटा, खाडीकडून येतो, आणि आला तर भांडी फुटल्यासारखा येतो, नाही आला तर नुसता गडगडून निघून जातो. कुणाला सांगता येत नाही. काशीबाईला दारातून फक्त समोरच्या चाळीच्या भिंतीवरचं ऊन विझलेलं दिसलं.

लहू उठून बसला. दारात गेला. बघितलं. परत येऊन बसला. मग खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि परत दारात गेला.

काशीबाईचं जातं थांबलं. आता उठावं, दारात आडवं उभं राहावं, शेवंतीला हाक मारावी, माणसं धाडावी. हे सगळं तिच्या मनात आलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला उठवतच नाही. 

"जावचा तर जावा," ती म्हणाली. "मी दमलंय."

ती रागानं बोलली नाही. तिनं मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात घातली आणि खुंटा फिरवायला लागली. बाहेर एक गडगडाट झाला, लांबून, शिवडीच्या पलीकडून. लहू उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभा होता.  तिनं नजर जात्यावर ठेवली.

मग दार लोटल्याचा आवाज झाला. तिला वाटलं, गेला. पण ते आतून लोटलेलं होतं. लहू येऊन जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसला. टोपी काढून मागं टाकली.

"वायच सर," तो म्हणाला आणि खुंटा धरला.

पुरुषमाणूस जात्यावर बसत नाही. लहूला बसताही येईना. गुडघा जात्याच्या पाळूला आपटला. तो हिसके देत होता, आणि दर हिसक्याला पीठ जमिनीवर उडत होतं. काशीबाईनं सांगितलं की ओढू नका, नुसतं फिरवा, ते आपलं आपण फिरतं. तो ऐकण्याच्या पलीकडे होता. गडगडाट जवळ आला तसा त्याचा हात वाढला. वीज चमकून दाराच्या फटीतून पांढरा उजेड आत आला, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच फिरवत राहिला. जात्याची घरघर एवढी झाली की बाहेरचं काही ऐकू येईना. बहुधा त्याला तेच हवं होतं.

थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला. खांदा भरून आला होता. ती भिंतीला टेकून बसली, नुसती घटकाभर म्हणून.

जाग आली तेव्हा छपरावरून थेंब ओघळत होते आणि दार उघडं होतं. जातं अजून चालू होतं. लहूच्या अंगावरून घामाचे ओहोळ गेले होते आणि त्यांवर पीठ बसून तो भुतासारखा दिसत होता. आणि त्याच्या समोर, तिच्या जागेवर, जयवंत बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, कुस्त्या टाकून धावत आलेला. त्याचाही हात खुंट्यावर होता.  दारात कुशाबा उभा होता आणि त्याच्या मागं बाकीची माणसं. आत यावं की नाही ते कुणाला ठरवता येत नव्हतं.

काशीबाईनं पदर सारखा केला आणि जात्याभोवतीचं पीठ मुठीत घेतलं. ते नाचणीचं नव्हतं. तिनं मागं बघितलं. नाचणीची टोपली रिकामी होती. तिच्या शेजारची कुळथाची टोपलीही रिकामी होती. ते कुळीथ उसळीचे म्हणून तिनं निवडून ठेवले होते. भाजलेले नव्हते, भरडलेले नव्हते, साल तशीच होती.

"ह्या काय केलास?" ती म्हणाली.

लहूनं जातं थांबवलं. तळव्यांवर फोड येऊन फुटले होते. त्यानं टोपल्यांकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं.

"माका ठाऊक नाय," तो म्हणाला. "हाताक लागला ता घातलंय. थांबाक भियालंय."

काशीबाईनं ते पीठ परत सोडून दिलं. चौदा-पंधरा माणसांची आठवड्याची उसळ गेली होती. आता न भाजलेल्या कुळथाची पिठी करायची, ती कडवट लागणार, सालं दातांत अडकणार, आणि ताटावर बसून सगळे तोंडं वाकडी करणार. तिला ओरडावंसं वाटलं. पण कितीतरी दिवसांत ती दिवसाउजेडी अशी झोपली नव्हती, आणि अंग अजून जड होतं.

"आठ दिवस हीच पिठी जेवाची," ती दाराकडे बघून म्हणाली. "गुमान."

 कुशाबा आत येऊन खाली बसला.

लहूनं पंच्यानं तोंड पुसलं. पीठ आणखीच पसरलं. मग त्यानं खालच्या आवाजात, एकट्या तिलाच विचारलं, "जोराचो पडलो?"

"माका इचारू नका," काशीबाई म्हणाली. "मी निजलेलंय."

तिनं कोपऱ्यातला पीठ झाडायचा कुंचा त्याच्यापुढं टाकला. लहू गुडघ्यांवर आला आणि सोललेल्या हातानं जात्याभोवतीचं पीठ गोळा करायला लागला.